दुसरा ठिपका

"बाबा, आज तुम्ही माझ्यासमोरून गेलात," बारकी म्हणाली आणि वाळलेल्या कपड्यांच्या ढिगातून दादाचा शर्ट ओढून त्याची घडी घालू लागली. आवाजात तक्रार नव्हती. आज दूध नासलं, आज वीज गेली होती, तसं. तो बुटाची नाडी सोडत होता, ती तशीच बोटांत राहिली. कुठे गं? दवाखान्याच्या पायऱ्यांवर, दुपारी. मी उभी होते, तुम्ही औषधं घेऊन खाली उतरलात. इतक्या अंतरावरून, असं म्हणून तिने शर्टाची बाही लांब केली. बाहीएवढं अंतर. मी हातसुद्धा वर केला होता. "अगं, मग हाक मारायची नाही का?" "मारणार होते. मग म्हटलं, बघू तरी दिसते का." आणि ती हसली. ती हसली म्हणून त्यालाही हसावं लागलं. म्हातारा झालो, डोळे तपासून घ्यायला हवेत, असं काहीबाही तो बोलला. "डोळे चांगले आहेत तुमचे," बारकी म्हणाली. "समोर टॅक्सीत दादा बसला होता ना, तुम्ही तिकडे बघत होतात." शर्टाची घडी झाली. तिने दुसरा शर्ट घेतला. तोही दादाचाच होता.

ती तिथे का होती, हे विचारायची सोय नव्हती. सकाळी त्यानेच तिला सांगितलं होतं, उपाशीपोटी जा, आज शेवटची तपासणी आहे. म्हणजे त्याला ठाऊक होतं. दुपारी ती त्या इमारतीत कुठेतरी असणार, हे ठाऊक असलेला माणूस पायऱ्या उतरला, आणि त्याला पायऱ्या दिसल्या, कठडा दिसला, कठड्यावर कुणीतरी ठेवलेला अर्धा प्यालेला चहा दिसला, पलीकडे टॅक्सी, टॅक्सीच्या काचेला टेकलेलं दादाचं पिवळट कपाळ. पायऱ्यांवर एक मुलगी होती का? तो रात्रभर आठवत राहिला. हात वर केलेली एक मुलगी. तिच्या अंगावर काय होतं? त्याने तो जिना पुन्हा पुन्हा उतरून पाहिला, अंथरुणात, डोळे मिटून. प्रत्येक वेळी चहाचा कप होता, मुलगी नव्हती.

घरात थोरल्याला सगळे दादा म्हणत, बापसुद्धा. धाकटी म्हणून ती बारकी. दादाच्या दोन्ही मूत्रपिंडांनी कधीच हात टेकले होते. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी त्याचं रक्त एका यंत्रातून धुऊन परत त्याच्यात घालत. आता तेही शरीराला झेपेनासं झालं होतं; घरातल्या कुणीतरी आपली एक किडनी द्यायची, एवढाच मार्ग उरला होता. बापाला साखर, म्हणून तो बाद. आईचा रक्तगट वेगळा, म्हणून ती बाद. बारकीचं जुळलं. बायकोने ते फोनवरून नातेवाइकांना सांगितलं तेव्हा ऐकणाऱ्याला वाटावं, मुलीचं लग्नच जुळलं. "हो ना, सगळं सगळं जुळलं बघा, देवानेच ठेवली होती जणू." ठेवली होती. तो तेव्हा शेजारच्या खोलीत होता आणि त्यालाही तसंच वाटलं होतं, हे त्याने नंतर कबूल केलं, म्हणजे स्वतःशी. परवा डॉक्टर तिला एकटीला बोलावणार होते. आईबाप बाहेर, दार बंद, आणि मग विचारणार, तुम्ही हे मनापासून करताय ना, कुणाच्या दबावाखाली नाही ना. बायको म्हणाली, नुसती औपचारिकता असते ती, सगळ्यांनाच विचारतात.

आणि पाणी. या घरात पाणी उघड्यावर पीत नसत. दादाला दिवसाचं पाणी मोजून. बाटलीवर आईने नखांच्या लाल रंगाने रेघ ओढली होती, सकाळी तिथपर्यंत भरायची आणि रात्रीपर्यंत पुरवायची. बाकीच्यांनी त्याच्यासमोर घटाघटा प्यायचं नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं. ठरत गेलं. बायको स्वयंपाकघराचं दार लोटून प्यायची. तो कामावर जाऊन प्यायचा. बारकी लहानपणापासून न्हाणीघरात जाऊन नळाला ओंजळ लावायची आणि हनुवटी पुसत बाहेर यायची, चोरासारखी. दादाला सगळं कळे. "काय गं बारके, कसं होतं आजचं पाणी?" "कोमट होतं रे. लोखंडाचा वास येत होता." "वा! पहिल्या धारेचं दिसतंय," दादा म्हणायचा आणि डोळे मिटून जीभ ओठांवरून फिरवायचा. "मी म्हणजे कुंडीतलं झाड. पाणी मोजून, ऊन खिडकीतून." सगळे हसत. हसतं घर आहे तुमचं, असं लोक म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

तो कामाला आहे त्या संशोधन संस्थेत त्याला मेणकाका म्हणतात. काम सांगायला सोपं. सकाळी मागच्या तळ्यावर जाऊन जाळ्याने चतुर धरायचे, कागदी पाकिटात घालून फ्रिजमध्ये ठेवायचे. गारठ्याने ते मरत नाहीत, गप्प होतात. मग एकेकाला काढून मेण आणि राळेच्या ऊन मिश्रणाने दांडीला चिकटवायचा. पंख मेणात, पाय मेणात, डोकं पुढे वाकवून मान मेणात. पुढचं सगळं प्रयोग करणाऱ्या मॅडमचं: डोक्याच्या मागे टाचणीच्या टोकाएवढं भोक, भोकातून केसाहून बारीक काचेची सुई, सुई थेट एका पेशीत. मेणापर्यंत त्याचं राज्य. "नाव चतुर आणि मेणकाकांच्या जाळ्यात पहिल्याच फटक्याला," असं एक विद्यार्थी म्हणायचा, पण तो कधी तळ्यावर आला नव्हता. चतुर पहिल्या फटक्याला मिळत नाही. पुढून गेलात तर तो निघून गेलेला असतो आणि तुमचं जाळं तो होता त्या जागेवरून फिरतं. त्याला मागून गाठायचं आणि खालून उचलायचं. त्याचं डोकं म्हणजे दोन डोळेच, मध्ये चिकटलेले, हजारो हजारो भिंगांचे. वर, पुढे, बाजूला, जवळजवळ मागेही त्याला दिसतं. खालीमागे थोडी आंधळी जागा आहे. मेणकाकाने आयुष्यभर त्या जागेवर पोट भरलं.

त्या सकाळी त्याने पाकीट उघडलं, आणि नेहमीप्रमाणे क्षणभर त्याचा श्वास थांबला. इतकी वर्षं झाली, तरी थांबतो. डोळ्यांचा वरचा भाग जुन्या तांब्यासारखा, खाली येता येता निळसर राख, आणि त्यात खोल कुठेतरी एक काळा ठिपका, जो तुम्ही हललात की तुमच्याबरोबर हलतो, जणू तुमच्याकडेच बघतोय. पंख म्हणजे तुकड्यातुकड्यांनी जोडलेली काचेची खिडकी, एका चौकटीसारखी दुसरी नाही. टोकापाशी एक गडद, जड चौकट. मॅडमनी सांगितलं होतं, ते वजन असतं, वेगात पंख थरथरून निकामी होऊ नये म्हणून. चारही पंख वेगवेगळे चालतात. तो जागच्या जागी थांबतो, मागे जातो, हवेतच धरतो, हवेतच खातो. सहा पाय असून त्याला धड चालता येत नाही. पायांची टोपली करून तो भक्ष्य उचलतो, तेवढंच पायांचं काम. आणि पंख त्याला पाठीवर मिटून घेता येत नाहीत. बसला तरी उघडाच. मेला की हे सगळं जातं. आधी डोळे. दुसऱ्या दिवशी चिखलाच्या रंगाचे. कपाटांतून टाचून ठेवलेले चतुर पाहून लोक वा म्हणतात तेव्हा त्याला सांगावंसं वाटतं, अहो, हे ते नव्हेत, हे त्यांचे कपडे आहेत. त्याने पंख मागे घेतले आणि मेणाचा थेंब सोडला.

मॅडम वयाने बारकीहून थोड्या मोठ्या. "काका, आज दोन लावू या," त्या म्हणाल्या. म्हणजे पडद्यावर दोन ठिपके. रोज एकच असतो. पांढऱ्या पडद्यावरून एक काळा ठिपका सरकत जातो, माशीएवढा. मेणातला चतुर हलू शकत नाही, पण आतली ती पेशी तो पाहते, आणि तिचं पाहणं भोंग्यातून ऐकू येतं,

टक.

टक टक. टक टक टक टकटकटक

आणि ठिपका पडद्याबाहेर गेला की शांत. वर्षानुवर्षं ऐकलेला आवाज. त्याला तो घरी नळाखाली ठेवलेल्या भांड्यातही ऐकू येई. आज मॅडमनी एक ठिपका सोडला, टक टक सुरू झालं, मग त्याच्या शेजारून दुसरा सोडला. पडद्यावर

●                    ●

दोघं बरोबर निघालेले. सारखे काळे. सारखे मोठे. त्याची अपेक्षा, आवाज दुप्पट होईल. किंवा गोंधळेल, अडखळेल. झालं काहीच नाही. भोंगा पहिल्यासारखाच वाजत राहिला, एका ठिपक्याचा वाजतो तसा, तंतोतंत. "बघितलंत?" मॅडम खूश होत्या. "दुसरा आहेच. डोळ्यांवर त्याचं चित्र पडतंय. पण या पेशीपुरता तो नाही." नाही म्हणजे? "म्हणजे नाही. अंधुक नाही, अर्धवट नाही. थव्यातून एकच निवडायचा आणि बाकी पुसून टाकायचे, तेव्हा कुठे पकडता येतो. आपल्याला जमत नाही हे, काका. आपण दोन्हीकडे बघत बसतो आणि दोन्ही घालवतो." आणि कुठला निवडायचा ते कसं ठरतं? मॅडम स्टुलावरून वळल्या. मेणकाका सहसा प्रश्न विचारत नसे. "बहुतेक आधी ज्याच्यावर लक्ष गेलं, तोच. एकदा लक्ष गेलं की त्याच्या वाटेवर नजर आणखी धारदार होत जाते. जितका वेळ बघाल तितकं तेच दिसत जातं." आणि कधी बदलतो? "बदलतो कधी कधी. मध्येच उडी मारतो दुसऱ्यावर. का, ते नाही कळलेलं." "पण एका वेळी एकच." "एका वेळी एकच," मॅडम म्हणाल्या, आणि मग त्याच्याकडे बघून, "काका, बरं नाही का? मुलाचं कसं आहे?" मुलाचं कसं आहे. सगळे हेच विचारतात, आणि तो हेच सांगतो, ठीक आहे, आता मुलीचं जुळलंय ना. पहिल्यांदा त्याने स्वतःचं उत्तर कानांनी ऐकलं. मुलगी त्या वाक्यात होती. जुळण्यापुरती होती.

दात पडायच्या वयाची होती बारकी तेव्हा. तिच्या वर्गाला सुट्टी म्हणून तो तिला तळ्यावर घेऊन गेला होता, आणि नशीब असं की पाण्यातून वर आलेल्या एका काडीवर चतुराचं पिल्लू चढून बसलेलं, मातकट, कुरूप, कोळ्यासारखं. बारके, हे बघ. हे आजवर पाण्याखाली होतं. तळाच्या चिखलात. शेपटीकडून पाणी आत घेऊन श्वास घ्यायचं, तेच पाणी जोरात सोडून बाणासारखं पुढे जायचं. याचा खालचा ओठ हातासारखा लांब होतो, तोंडासमोर दुमडून ठेवलेला, मुखवटाच. मासोळी जवळ आली की सुटतो. "ई!" बारकी म्हणाली होती, प्रचंड आनंदाने. आणि आता ते बाहेर येणार, हात लावू नकोस, हलू नकोस, नुसती बघ. तेवढ्यात पहारेकरी धावत आला, घरून फोन आहे. दादा शाळेत पडला होता. पहिल्यांदा. तो तसाच पळाला. दवाखाना, बायको, तोंड सुजलेला दादा, कुणी समजेल असं बोलेना, आणि केव्हातरी ऊन उतरल्यावर बायको म्हणाली, बारकी कुठाय? त्याला त्या नावाचा अर्थ लागायला वेळ लागला. हे त्याला पक्कं आठवतं. भीती नंतर आली. आधी ते नाव आलं, नुसतं, कशालाच न चिकटलेलं. तो तळ्यावर पोचला तेव्हा ती त्याच जागी बसली होती. गुडघ्यांना मुंग्या डसल्या होत्या. "तुम्ही हलू नकोस म्हणालात ना," ती म्हणाली. आणि मग वाटभर बोलत राहिली, आधी त्याची पाठ फाटली बाबा, मग डोकं आलं, मग तो उलटा लोंबकळला, कितीतरी वेळ, मला वाटलं मेला, मग एकदम उठून त्याने स्वतःलाच धरलं, स्वतःच्या कातीला, आणि शेपूट ओढून काढली, पंख आधी चुरगळलेले होते, ओल्या रुमालासारखे, मग ते फुगत फुगत गेले, दुधासारखे होते, मग काचेसारखे झाले, आणि मग तो गेला बाबा, मला वाटलं माझ्याकडे बघेल, तो गेलाच. हो का, तो म्हणाला. हो का, हो का. तिच्या मुठीत ती कात होती, काडीसकट तोडलेली, आणि पाठीच्या फटीतून बाहेर आलेले पांढरे दोरे. "हे दोरे कसले बाबा?" त्याला उत्तर माहीत होतं. ते श्वासाच्या नळ्यांचं अस्तर. जाताना तो जुना श्वाससुद्धा काढून ठेवून जातो. तो म्हणाला, चल, उशीर झालाय, दादा एकटा आहे. दादा एकटा नव्हता, आई होती त्याच्याजवळ.

पुढे बारकीचं काही नसे. शाळेतून तक्रार नाही, ताप नाही, हट्ट नाही. "तिचं काही नसतं हो," बायको कौतुकाने सांगायची, आणि ते इतकं सोयीचं होतं की त्यालाही कौतुकच वाटायचं. चतुराच्या एका जातीत, मॅडम सांगत, नर मागे लागला की मादी हवेतून दगडासारखी खाली पडते आणि गवतात उताणी पडून राहते, मेल्यासारखी. नर निघून जातो. मग ती उठते. दादाचे दिवस वाईट असत, भांडी आपटत, बायको रडे, तेव्हा बारकी अंथरुणात उताणी, डोळे मिटून. झोपली बिचारी, असं म्हणून तो दार ओढून घ्यायचा.

दुपारच्या चहाला मॅडम काहीतरी सांगत होत्या, कशावरून निघालं कोण जाणे. "दुसऱ्या नरावर चाल करून जाताना चतुर सरळ जातच नाही, काका. अशा रेषेने उडतो की समोरच्याला वाटावं, हा जागचा हललेलाच नाही. मागच्या पानांतलाच एक. हलत नाही, फक्त मोठा होतो. आणि मोठा झालाय हे कळेपर्यंत..." मॅडमनी टाळी वाजवली. हलत नाही, फक्त मोठा होतो. घरातली सगळी वर्षं त्याच्या नजरेसमोरून गेली आणि प्रत्येकात एक आकृती जागच्या जागी उभी होती, कपड्यांच्या घड्या घालत, हनुवटी पुसत.

तो त्या दिवशी लवकर निघाला. बारकी कपड्यांच्या मोठ्या दुकानात कामाला होती, काचेमागच्या पुतळ्यांना कपडे चढवायचं काम. त्याने ते दुकान बाहेरून पाहिलं होतं, म्हणजे त्यावरून गेला होता. आज रस्त्याच्या पलीकडे एका खांबाला टेकून तो उभा राहिला आणि त्याने मनाशी ठरवलं, बघायचं. नुसतं बघायचं. काचेमागे पुतळे होते, डोकी नसलेले, आणि त्यांच्यात ती, एका पुतळ्याच्या पाठीशी वाकून टाचण्या लावत. टाचण्या ओठांत धरलेल्या. तिच्या केसांत कपाळाशी एक पांढरी बट होती. या वयात? केव्हापासून? उजव्या खांद्यावर भार देऊन उभं राहायची तिची सवय त्याच्या आईची होती. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बसगाड्या मध्ये येत आणि जात. प्रत्येक वेळी गाडी गेली की ती असे, आणि त्याला उगाच बरं वाटे. मग तिने टाचण्या काढून ठेवल्या, खालून एक मोठी बाटली उचलली, मान मागे टाकली आणि पाणी प्यायली. दार न लोटता. पाठ न फिरवता. भर रस्त्यासमोर, उजेडात, काचेच्या पेटीत उभी राहून, घशाची हालचाल इथवर दिसावी इतक्या मोठ्या घोटांनी ती पीत राहिली, पाणी ओठांच्या कडेने गळ्यावर उतरलं, कॉलर भिजली, तरी पीत राहिली, आणि बाटली खाली घेतल्यावर तिच्या तोंडावर जे होतं ते त्याने घरात कधी पाहिलं नव्हतं. त्याला नाव देता येईना. त्याने हात वर केला. तिने पाहिलं नाही. उजेड तिच्या बाजूला होता, काचेत तिला स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असणार.

"तिला विचारलं पाहिजे," घरी आल्याआल्या तो बायकोला म्हणाला. बायको बिनमिठाची भाजी ढवळत होती. "काय विचारायचं?" "किडनी द्यायची आहे का म्हणून." "म्हणजे काय? ती नाही म्हणाली का?" "नाही म्हणाली नाही." "मग झालं तर." "हो म्हणाली का पण?" बायकोच्या हातातला डाव थांबला. "हे बघा, आता खोट काढू नका. नाही म्हणाली नाही म्हणजे हो. घरातलं माणूस आहे ती, बाहेरचं नाही हो-नाही लिहून घ्यायला." आणि मग, हळू, त्याच्याकडे न बघता, "तुम्हाला तिने नाही म्हणायला हवंय का?" "नाही." हे त्याच्या तोंडून फार चटकन गेलं. "मग कशाला विचारता," बायको म्हणाली. "विचारलं होतं असं वाटावं म्हणून?" तिने डाव पुन्हा फिरवला. ती दुष्ट नव्हती. तिचं म्हणणं वर्मी लागलं, एवढंच.

बारकी आली. हातपाय धुतले. दादाच्या खोलीत डोकावली, तिथून आवाज आला, "या, या, दाते! बारके, उद्या शहाण्यासारखं बोल हं. डॉक्टर म्हणेल, कशी मुलगी आहे, सारखी झोपते. तुझी किडनी माझ्यात बसवली आणि मीही सकाळी उठेनासा झालो तर?" "तुझ्यात बसवली तर तीच बिघडेल," बारकी म्हणाली, आणि दोघं हसली. ती मागच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेली. तो तिच्यामागे गेला. दोरीवर चादरी होत्या; ती चिमटे काढून तोंडात धरत होती, दुकानात टाचण्या धरायची तशी. तो म्हणाला, "ते पांढरे दोरे. त्या कातीतले. श्वासाच्या नळ्यांचं अस्तर असतं ते." तिने चिमटे हातात घेतले. "माहितीय. शाळेत वाचलं मी." आणि मग, "तुमच्या लक्षात आहे?" "आहे." दोघांच्या मध्ये चादर होती, ओलसर, तिच्यातून उजेड येत होता.

"बारके, उद्या ते विचारतील. त्याआधी मी विचारतो. तुला द्यायची आहे का? खरं सांग. नको असेल तर नको म्हण. आईला मी बघतो, सगळ्यांना मी बघतो. तुझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही." तो हे मनापासून बोलला. त्या क्षणी त्याला तिच्याशिवाय काही दिसत नव्हतं, ती पांढरी बट, कॉलरवरचा वाळलेला डाग, चिमट्यांनी उमटलेली ओठांवरची रेघ. तिने चादर बाजूला केली आणि त्याच्याकडे पाहिलं. इतकी जवळ. बाहीएवढं अंतर.

"मी नाही म्हणाले तर?"

आत दादा खोकला.

त्याची मान वळली. बोटभरही नसेल. डोळे तर वळलेही नव्हते, की वळले होते. एक क्षण, त्याहून कमी. पाण्यावर किडा बसून उडावा तेवढा. तो परत वळला तेव्हा ती तशीच उभी होती, तेवढीच जवळ, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता. गणिताचं उत्तर मागच्या पानावर पाहावं आणि ते आपल्याशी जुळावं, तसं काहीतरी होतं. "जा, बघून या," ती म्हणाली. "अगं नाही, तो नुसता..." "जा ना बाबा. खोकला कोरडा आहे." आणि तो गेला. नंतर त्याला सगळ्यात जास्त हे आठवणार होतं, की तो गेला. दादा उशीला टेकून बसला होता. "काही नाही हो बाबा, ठसका लागला. थुंकीचा. पाण्याचा लागेल एवढी कुठली चैन!" त्याने दादाच्या पाठीवरून हात फिरवला. पाठीचे मणके हाताला लागले, एकेक, सुटे. तो हात त्याला लगेच काढता आला नाही.

तो परतला तेव्हा बारकी स्वयंपाकघरात होती. चादरी घडी करून ओट्यावर ठेवलेल्या. बायको दिवाणखान्यात कुणाशी तरी फोनवर बोलत होती. दार सताड उघडं होतं, दादाच्या खोलीपर्यंत सरळ दिसावं असं. बारकीने पेला भरला, काठोकाठ, आणि पाठ न फिरवता ओठांना लावला. एक घोट घेतला आणि म्हणाली, "उद्या मी हो म्हणणार आहे. आधीपासून म्हणणारच होते. दादाने कधी मागितलं नाही, म्हणून." अजून एक घोट. "आणि टाके निघाले, बरी झाले, की मी जाणार आहे. दुसऱ्या गावात दुकान आहे त्यांचं, बोलून ठेवलंय. आईला आत्ता सांगू नका. आणि मला जा किंवा जाऊ नकोस, काही म्हणू नका. तेवढं एक विचारू नका." केव्हा ठरवलंस, असं त्याला म्हणायचं होतं. ती म्हणाली, "तुम्ही आत गेलात तेव्हा नाही हो. खूप झाली वर्षं." तिने पेला पुन्हा उचलला. पंख भरत जावेत तसं काहीतरी तिच्या खांद्यांत सरळ होत गेलं, किंवा ती फक्त सरळ उभी राहिली; इतकं मोठं तिला त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा!" आतून दादाने हाक मारली.

तो वळला नाही. या वेळी नाही. ओट्याची कड त्याने दोन्ही हातांनी धरली, मान ताठ केली, ऊन मेण ओतून थंड होऊ द्यावं तशी, आणि डोळे तिच्यावर ठेवले. तिचा घसा, पेल्याची कड, पाणी उतरत जाताना दिसणारी गळ्याची शीर. "बाबा, अहो!" टक. टक टक. मानेच्या मागे, टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत, टक टक टक टकटकटक. तो बघत राहिला. डोळ्यांत पाणी आलं तरी पापणी लववली नाही.

बारकीने पेला रिकामा करून खाली ठेवला. हनुवटी पुसली नाही. तिने त्याच्या ताठ मानेकडे पाहिलं, ओट्याच्या कडेवर पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं. तो कुणाकडे न वळण्यासाठी एवढा जोर लावून उभा आहे, तिला तेही दिसलं.